मानपाड्यापर्यंत गार, माजिवड्याला गरम

हे वाक्य माझ्या बाबांचं आहे. एप्रिलमध्ये ठाण्याहून नवी मुंबईत नेरूळला डॉक्टरांकडे जाताना ते शेजारच्या सीटवर बसले होते आणि मध्येच म्हणाले, "अगं, हा एसी मानपाड्यापर्यंत गार असतो आणि माजिवड्याला पोचेपर्यंत गरम होतो, रोजचं आहे हे." मी म्हटलं बाबा, ट्रॅफिक आहे, उभ्या गाडीत एसी कमीच लागतो. विषय तिथेच संपला. आता सगळं निस्तरून झाल्यावर कळतंय की अख्ख्या बिघाडाचं निदान बाबांनी त्या एका वाक्यात करून ठेवलं होतं, आणि आम्ही तीन गॅरेज फिरून शेवटी तिथेच येऊन पोचलो.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही कासारवडवलीला राहतो, बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी बायपास झालीय. महिन्यातून एकदा नेरूळची फेरी ठरलेली, म्हणजे घोडबंदर रोडने मानपाड्यावरून माजिवडा, मग हायवेने ऐरोलीचा पूल आणि पुढे ठाणे बेलापूर रोड. २०१८ पासून मेट्रो ४ चं काम चाललंय आमच्या रोडवर, धूळ इतकी की काच खाली करून जायचं बाबांना जमतच नाही, खोकला सुरू होतो. त्यामुळे मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडणं म्हणजे आमच्याकडे गैरसोय नाही, बाबांची डॉक्टरची फेरीच रद्द होते. गाडी अकरा वर्षांची पेट्रोल सेडान, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली, म्हणजे गोल नॉब फिरवला की स्क्रीनवर २२, २३ असे आकडे येतात आणि बाकीचं गाडी स्वतः ठरवते.

तर लक्षणं अशी होती. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या आतून टक टक टक टक असा आवाज दहा-पंधरा सेकंद यायचा आणि थांबायचा, कुणीतरी आत नखाने प्लॅस्टिक वाजवतंय असा. पहिली दहा मिनिटं हवा छान गार. मग हळूहळू कोमट, मग चक्क गरम, १८ वर ठेवला तरी. आणि एक गोष्ट मला खटकत होती पण मी ती कुणाला नीट सांगितली नाही, ती म्हणजे ऐरोलीच्या पुलावर गाडी साठ-सत्तरने पळत असतानासुद्धा हवा गरमच राहायची. ट्रॅफिकचा दोष असता तर पुलावर परत गार व्हायला हवी होती ना. एसीच्या पुढच्या जाळीचा, म्हणजे कंडेन्सरचा, पंखा बंद पडला असेल तर तसंच होतं, सिग्नलला गरम आणि वाऱ्याला लागली की गार. आमचं तसं नव्हतं.

पहिल्या गॅरेजने (नाव देत नाही, द्यायचं कारणही नाही) बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, गॅस कमी आहे. गॅस भरला. दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत गेले तर म्हणाले कुठेतरी लीक असणार. दुसऱ्या, मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले तर तिथे हवा गार करणारी आतली कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, आठवडाभर गाडी ठेवा आणि खर्चाचा आकडा असा सांगितला की बाबा म्हणाले राहू दे, मी रिक्षाने जाईन. रिक्षाने. कासारवडवलीहून नेरूळ, मे महिन्यात, बायपास झालेला माणूस. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगते.

डॅशबोर्ड उतरवणं ही छोटी गोष्ट नाही हो. स्टिअरिंग, एअरबॅग, शंभर क्लिपा, वायरिंगचे जुडगे, सगळं सुटं होतं आणि अकरा वर्षांचं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक परत तसंच बसत नाही, पुढे आयुष्यभर प्रत्येक स्पीडब्रेकरला कुरकुरतं. कॉइल खरंच लीक असेल तर करावं लागतं, दुसरा इलाज नाही. पण कॉइल लीक आहे हे त्यांनी बघितलं कसं, तर बघितलंच नव्हतं. ना लीक दाखवणारा रंग, म्हणजे डाय, टाकला होता, ना लीक डिटेक्टर फिरवला होता. गॅस भरून फरक पडला नाही म्हणजे लीक, आणि बाहेर तेल दिसत नाही म्हणजे आतली कॉइल, असा तो हिशोब होता.

इथे गॅसबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे एसी म्हटलं की लोकांना गॅसच आठवतो. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की एकदम थंड होतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तुमच्या केबिनची उष्णता शोषून परत कॉम्प्रेसरकडे जातो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षात थोडा झिरपतो हे खरं, पण महिन्याभरात कमी झाला तर भोक आहे, आणि भोक शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. किती भरायचा तेही बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं, आमच्या गाडीवर ४५० ग्रॅम आहे. पहिल्या गॅरेजवाल्याने तो स्टिकर वाचलाही नव्हता, अंदाजाने भरला. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा असं अजिबात नसतं, उलट प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा कमी होतो. शिवाय आपल्या बहुतेक गाड्यांत जो आर-१३४ए गॅस आहे तो ओझोनला धक्का लावत नाही म्हणून १९९० च्या दशकात जुन्या आर-१२ च्या जागी आला, पण हवेत सोडला तर तापमानवाढीच्या बाबतीत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त घातक आहे, म्हणून तर युरोपात २०१७ पासून नव्या कारमध्ये तो चालत नाही. आणि आपल्याकडे फुस्सकन हवेत सोडून देतात, माझ्या डोळ्यांदेखत सोडला होता पहिल्या गॅरेजमध्ये थोडा.

असो. त्या रात्री मी गाडीचं मॅन्युअल काढलं, मोबाईलवर सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती शोधली आणि पहिल्यांदा समजून घेतलं की डॅशबोर्डच्या मागे नक्की आहे काय. आणि मला वाटतं हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत पाहिजे, कठीण अजिबात नाही.

एक प्लॅस्टिकचा मोठा डबा आहे. एका टोकाला ब्लोअर, तो हवा आत ढकलतो. ती हवा एसी फिल्टरमधून जाते, मग कूलिंग कॉइलमधून. कॉइलवर हवा गारही होते आणि कोरडीही, कारण हवेतली वाफ कॉइलच्या पत्र्यांवर पाणी होऊन चिकटते आणि खालच्या नळीतून रस्त्यावर पडते (एसी लावलेल्या गाडीखाली पाणी ठिबकतं ते हेच, ते ठिबकायलाच पाहिजे). आता महत्त्वाचं. कॉइलच्या पुढे हवेला दोन वाटा असतात. एक सरळ डॅशबोर्डवरच्या जाळीकडे, जिथून हवा आपल्या अंगावर येते, आणि दुसरी हीटर कॉइलमधून. हीटर कॉइल म्हणजे छोटा रेडिएटर, त्यात इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारं पाणी, बहुतेक गाड्यांत कायम फिरत असतं, उन्हाळा असो की पावसाळा, तुम्ही हीटर लावा की नका लावू. आणि या दोन वाटांच्या मध्ये एक फ्लॅप असतो, दारासारखा. तो पूर्ण एका बाजूला असला की सगळी हवा गार, पूर्ण दुसऱ्या बाजूला की सगळी गरम, मध्ये असला की मिसळून.

म्हणजे आपण नॉब फिरवून २४ चा १८ करतो तेव्हा आपल्याला वाटतं की एसीला आपण "अजून जोर लाव" म्हणतोय. बऱ्याच गाड्यांत तसं नसतं. कॉइल आपली शून्याच्या जरा वर, दोन-चार डिग्रीला गार असतेच, तिच्यावर गोठून बर्फ होऊ नये म्हणून एक छोटा सेन्सर असतो जो कॉम्प्रेसर बंद-चालू करतो. नॉब फिरवल्यावर हलतो तो फ्लॅप. जुन्या गाड्यांत नॉबपासून फ्लॅपपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असायची, आमच्यासारख्या गाड्यांत छोटी मोटर असते, अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, गॅरेजवाले फ्लॅप मोटर म्हणतात. तिच्या आत प्लॅस्टिकचे इवले इवले गिअर असतात.

हे वाचताना एक गंमतीची माहिती मिळाली. कंपनीतून फिट होऊन आलेला पहिला कारचा एसी अमेरिकेत पॅकार्डने १९३९ मध्ये आणला, आणि त्याला आतून बंद करायचं बटणच नव्हतं. बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवा. तापमानाचा आकडा लावा आणि विसरून जा असा ऑटोमॅटिक कंट्रोल यायला १९६४ उजाडलं, तो कॅडिलॅकमध्ये आला. म्हणजे गार करण्याची विद्या आधी आली आणि त्या गारव्याला लगाम घालण्याची विद्या पंचवीस वर्षांनी. आणि आजही गॅरेजमध्ये पहिल्या विद्येचे लोक पुष्कळ आहेत, दुसरीचे फार कमी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर. एसी बिघडला की प्रश्न दोन असतात, गारवा तयार होतोय का, आणि तयार झालेला गारवा माझ्यापर्यंत पोचतोय का. आपल्याकडे फक्त पहिलाच विचारतात.

तर आकृती बघता बघता बाबांचं वाक्य डोक्यात आलं आणि मी अक्षरशः उठून बसले. मानपाड्यापर्यंत गार, माजिवड्याला गरम. सकाळी इंजिन थंड असतं, म्हणजे हीटर कॉइलमधलं कूलंटही थंड. फ्लॅप चुकून हीटरच्या वाटेवर अडकला असेल तरी हवा गारच लागणार, कारण हीटरच गरम नाहीये! इंजिन तापून कूलंट ऐंशी-नव्वद डिग्रीला पोचायला आमच्या घरापासून जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा मागे पडतं. आणि मग गरम. एसी बंद पडतच नव्हता. एसी गार करत होता आणि हीटर तेच गार परत तापवत होता.

रविवारी सकाळी सहा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं. मी, बाबा, आणि स्वयंपाकघरातलं डिजिटल थर्मामीटर, ते चहा-दुधात टाकायचं टोकवालं असतं ना, ते. टोक मधल्या जाळीत खोचलं, एसी १८ वर, ब्लोअर मधल्या स्पीडवर, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) चालू, खिडक्या बंद. बाबांना वहीत दर दोन मिनिटांनी आकडा लिहायला बसवलं, ते एलआयसीत पस्तीस वर्षं होते, वहीत आकडे लिहिणं त्यांना मनापासून आवडतं. सुरुवातीला २७, मग १४, मग ९. आठव्या मिनिटाला ९ च. मग इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला आणि इकडे ११, १५, १९, आणि विसाव्या मिनिटाला २६. दोन्ही एकत्र चढत होते.

मग बोनेट उघडलं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीतून एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या आत जातात, एक बारीक एक जाड. जाड नळीला हात लावला तर बर्फासारखी गार, बाहेरून घाम फुटलेला, पाणी ओघळत होतं. आत जाळीतून २६ ची हवा आणि बाहेर नळी गारेगार. गॅस संपलेला असता, कॉम्प्रेसर गेलेला असता, तर ही नळी अशी राहिलीच नसती. (एसी चालू असताना रेडिएटरचा पंखा कधीही अचानक सुरू होतो, ओढणी, बाही, केस सांभाळा, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, हे करणार असाल तर.)

बाबा म्हणाले, "म्हणजे डॅशबोर्ड काढायचा नाही ना?" मी म्हटलं नाही बाबा. त्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मी विसरणार नाही.

तुर्भ्याला एमआयडीसीत एक काका आहेत, फक्त गाड्यांचे एसी करतात, लहानसं दुकान. ऑफिसमधल्या मैत्रिणीने पत्ता दिला. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि म्हणाले, "ताई, हे कोणी लिहिलं? असं लिहून आणलं तर आमचं अर्धं काम होतं." मग स्वतः तपासलं, माझ्यावर विश्वास ठेवून थेट मोटर बदलली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आधी हीटरच्या दोन रबरी होज असतात त्यातली एक त्यांनी गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने हळूच दाबून धरली, म्हणजे गरम कूलंट आत जाणंच बंद. तीन-चार मिनिटांत जाळीतली हवा १० वर आली. चिमटा काढला, परत गरम. याहून साफ पुरावा काय पाहिजे. (हे घरी करू नका, जुना होज तडकला तर उकळतं पाणी अंगावर येतं.)

मग स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. इंजिनचे कोड सगळे बघतात, काका एसीच्या मॉड्यूलमध्ये गेले. तिथे लाइव्ह डेटा दिसतो, गाडीने फ्लॅपला कुठे जा म्हणून सांगितलंय आणि फ्लॅप कुठे आहे. मोटरच्या आत फ्लॅपची जागा कळवणारा छोटा पोटेन्शिओमीटर असतो, त्याला पाच व्होल्ट दिलेले असतात आणि फ्लॅप फिरेल तसा परत येणारा व्होल्ट बदलतो. मी नॉब १८ वरून ३० पर्यंत नेला, परत १८ वर आणला, हुकूम बदलत होता आणि उत्तराचा आकडा जागचा हलत नव्हता. आतून टक टक टक टक. काका म्हणाले, "ऐकलं? मोटर फिरतेय, दात घसरतायत." तरीही त्यांनी आधी कनेक्टर काढून पिना बघितल्या, सप्लाय मोजला, कारण कधी कधी मोटर चांगली असते आणि पिनच गंजलेली असते, आपल्या पावसाळ्यात हे फार होतं. काही गाड्यांत स्कॅनरशिवायही दोन बटणं एकत्र दाबून धरून सेल्फ टेस्ट होते आणि स्क्रीनवर कोड येतो, पण कुठली बटणं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, मॅन्युअल बघूनच करा.

आमच्या गाडीत मोटर ग्लव्ह बॉक्सच्या मागे आहे. ग्लव्ह बॉक्स काढला, तीन स्क्रू, एक कनेक्टर, मोटर हातात. डॅशबोर्डला हातही लावला नाही. उघडून बघितलं तर आतल्या एका गिअरचे चार दात उडालेले, करंगळीच्या नखाएवढा गिअर. नवीन मोटर बसवायच्या आधी काकांनी फ्लॅपची दांडी हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितली. फ्लॅपच जॅम असेल तर नवीन मोटरचेही दात महिन्याभरात जातात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. आमचा फ्लॅप मोकळा होता.

नवीन मोटर लावल्यावर एक काम असतं जे पुष्कळ जण सोडून देतात, कॅलिब्रेशन. नव्या मोटरला फ्लॅपची दोन टोकं कुठे आहेत ते माहीत नसतं, तिला ती शिकवावी लागतात. काकांनी स्कॅनरमधून केलं, काही गाड्यांत इग्निशन चालू करून मिनिटभर कशालाही हात न लावता थांबलं तरी होतं. पहिल्या गॅरेजनंतर दोन दिवस एसी बरा का चालला त्याचं उत्तरही इथेच मिळालं, म्हणजे काकांचा अंदाज, की त्यांनी बॅटरीची वायर काढून लावली असणार, फ्लॅपने पुन्हा टोकं शोधायला झटका मारला आणि उरलेल्या दातांवर नशिबाने गारच्या बाजूला जाऊन बसला. आणि मी समजले गॅसमुळे गार झाला!

गॅस मात्र काकांनी तपासलाच, शेवटी. प्रेशर मोजायचे गेज लावले तर हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढची जास्त दाबाची बाजू, जास्त दाखवत होती. मशीनने सगळा गॅस बाहेर काढून वजन केलं, ५४० ग्रॅम. स्टिकरवर ४५०. म्हणजे गॅस कमी नव्हताच, वर नव्वद ग्रॅम जास्तीचा भरून ठेवला होता. नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम केला आणि मोजून ४५० भरला. लीकही कुठे नव्हता, व्हॅक्यूम अर्धा तास धरून ठेवला, काटा हलला नाही. सगळं मिळून बिल त्या मोठ्या वर्कशॉपच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं.

ग्लव्ह बॉक्स उघडाच होता म्हणून एसी फिल्टर बघितला. काळा, आणि वर गुलमोहराच्या बारीक पानांचा थर. आम्ही गुलमोहराखाली पार्क करतो, ती पानं इतकी लहान असतात की वायपरखालच्या जाळीतून आरपार आत जातात. ब्लोअर जोरात वाजतो पण हवा येत नाही अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा फिल्टर बघा, फुकटात बघता येतो. तीच पानं आणि धूळ पाणी जायच्या नळीत अडकली की शेजारच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं होतं, आणि लोक म्हणतात छत गळतं. आमच्या रोडवर राहणाऱ्यांनी फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या अर्ध्यातच बदलावा असं माझं मत झालंय.

काकांच्या दुकानात दोन तास बसले त्यात अजून एक केस बघितली ती सांगते. एका टॅक्सीवाल्या दादांची गाडी, ब्लोअर फक्त चार नंबरवर चालायचा, एक-दोन-तीनवर मेलेला. त्यांना कुणीतरी ब्लोअर मोटर बदला सांगितलं होतं. आता चारवर फिरतेय म्हणजे मोटर जिवंत आहे ना! हाताच्या नॉबवाल्या गाड्यांत खालचे स्पीड एका रेझिस्टरमधून जातात आणि सगळ्यात वरचा थेट बॅटरीचा करंट घेतो, त्यामुळे रेझिस्टर जळला की फक्त शेवटचा स्पीड उरतो. छोटासा पार्ट, ब्लोअरजवळ दोन स्क्रूवर. पण काकांनी तिथेही विचारलं की जळला का, आणि फिल्टर काढला तर तो गच्च. रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेने गार राहतो, हवा अडली की तापतो. फिल्टर न बदलता नुसता रेझिस्टर टाकला असता तर परत जळला असता.

आणि ज्यांच्याकडे आकड्यांवाला एसी आहे त्यांनी डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंगच्या आसपास एक बारीक जाळी असते ती शोधा, लोकांना ती स्पीकर वाटते. तिच्या मागे केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. आमच्या बाबांनी तिच्यावर गणपतीचा स्टिकर लावला होता, काकांनी हात जोडून तो शेजारी हलवला. ती जाळी बंद झाली की गाडीला केबिन किती गरम आहे ते कळतच नाही आणि मग ती भलतंच काहीतरी करत बसते.

आता पावसाळा तोंडावर आहे म्हणून हीटरचं एक सांगून टाकते, कारण "आपल्याकडे हीटर कशाला लागतो" हे मी स्वतः म्हणत आले. लागतो. गेल्या जुलैत माळशेजला जाताना मुरबाडच्या पुढे काच आतून अशी धुरकट झाली की मी गाडी बाजूला घेतली. आतला दमट श्वास पावसाने गार झालेल्या काचेवर जाऊन बसतो. तेव्हा एसी बंद करायचा नाही, चालू ठेवायचा, हवा काचेकडे वळवायची, बाहेरची हवा आत घ्यायची आणि तापमान वाढवायचं. कूलिंग कॉइल हवा कोरडी करते, हीटर कॉइल तीच हवा गरम करते, आणि कोरडी गरम हवा काच पटकन साफ करते. ज्या दोन कॉइल एप्रिलमध्ये आमच्या गाडीत एकमेकींशी भांडत होत्या त्याच तेव्हा जोडीने काम करतात, आणि मध्ये तोच फ्लॅप. (धुकं काचेच्या बाहेरून असेल तर उलट, काच एसीने जास्त गार झालीय, वायपर मारा आणि हवा काचेवरून काढा.) म्हणून आता मी महिन्यातून एकदा गाडी गरम असताना नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते, हवा खरंच गरम आणि मग खरंच गार होते का बघते आणि कान देऊन ऐकते. दोन मिनिटं लागतात.

परवा नेरूळची फेरी झाली. दुपारी दीडचं ऊन, बाहेर ३७, थर्मामीटर बाबांनी स्वतः जाळीत खोचलं होतं आणि वही मांडीवर. मानपाडा ९. कापूरबावडी ९. माजिवड्याच्या सिग्नलला दोन वेळा लाल झाला, तिथे ११. ऐरोलीच्या पुलावर परत ८. घणसोलीच्या पुढे बाबांनी वही मिटली, शर्टाची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, "जरा वाढव गं, गार वाजतंय." मी नॉब २२ वरून २५ वर नेला. हवा दोन-तीन सेकंदांत मऊ झाली, आणि डॅशबोर्डच्या मागून काहीही आवाज आला नाही.